गिअरची सायकल घेताय? आधी ब्रेक दाबून पाहा

दहावीचा निकाल लागला की घरात दोन याद्या तयार होतात. एक आईबाबांची: कुठलं कॉलेज, कुठला क्लास, किती फी. दुसरी मुलांची. ती छोटी असते, पण तिच्यात तडजोड नसते. आमच्या लेकीच्या यादीत एकच ओळ होती: गिअरची सायकल. साधी नाही, जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली. मुलांच्या भाषेत 'एमटीबी', म्हणजे माउंटन बाइक.

तुमच्याही घरी हा हट्ट झाला असेल, किंवा येत्या एखाद्या वाढदिवसाला होईल. म्हणून या वेळी आमच्या घरची गोष्ट सांगते. त्यात आमची एक चूकही आहे. ती तुमच्याकडून होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेख.

आम्ही जयपुरात राहतो, मालवीय नगरमध्ये. लेकीचा क्लास गोपालपुरा बायपासला, पाच-सहा किलोमीटरवर. रोज रिक्षा परवडत नाही, आणि स्कूटीचं वय अजून झालेलं नाही. शिवाय तिच्या मैत्रिणी थंडीत रविवारी सकाळी सायकलवर नाहरगडला जातात. तिलाही जायचं होतं. तिचे बाबा म्हणाले, "दहा हजारांच्या वर एक रुपया नाही." मी म्हणाले, "नाहरगडचा विषय नंतर, आधी क्लास." लेक काहीच बोलली नाही. तिला आमचा होकार मिळाला होता.

आमची सायकल आणि यांची सायकल

माझं लहानपण सांगलीचं. सायकल भाड्याने मिळायची, तासाला रुपया. उंची पुरायची नाही म्हणून दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकलो. दुकानदार देताना फक्त दोन गोष्टी बघायचा: हवा आहे का आणि ब्रेक लागतो का. गिअर नावाची वस्तू आम्ही फक्त मोटारीत पाहिली होती.

आता मोठ्या दुकानात गेलं की सायकलींची भिंतच समोर येते. नारिंगी, काळी, निळी. एकवीस गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, पुढे सस्पेन्शन, जाड नक्षीदार टायर. किंमत पाहिली की वाटतं, एवढं सगळं एवढ्यात? मग घ्यायलाच हवी. इथेच जरा थांबा.

माउंटन बाइकचा जन्म १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत झाला. तिथली हौशी मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली टेकडीवर न्यायची आणि कच्च्या रस्त्याने सुसाट खाली यायची. एका उताराचं नाव पडलं 'रीपॅक'. कारण गमतीचं आहे. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा. एकदा उतरलं की तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं. या उतारावरची पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ला झाली. पुढे १९८१ मध्ये 'स्टम्पजम्पर' ही कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली पहिली माउंटन बाइक बाजारात आली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळच सामील झाला.

म्हणजे डोंगर उतरणाऱ्यांना सगळ्यात आधी भेडसावला तो ब्रेकचाच प्रश्न. आपण मात्र सायकल घेताना रंग बघतो, गिअर मोजतो, आणि ब्रेक शेवटी दाबून पाहतो. काही जण तर तेवढंही करत नाहीत. आम्ही त्यातलेच.

दहा हजारांत नेमकं काय मिळतं?

कमी बजेटची एमटीबी ही मनाने शहरी सायकल असते, कपडे फक्त डोंगराचे. हे वाईट नाही, पण माहीत असावं.

पुढचं सस्पेन्शन पाहा. या किमतीत ते साध्या स्प्रिंगचं असतं. खड्ड्यात थोडा धक्का खातं, पण सायकलीचं वजन वाढवतं. अशा सायकली साधारण १५ किलोच्या आसपास भरतात. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर हे वजन रोज तुमच्या मुलीच्या खांद्यावर येणार आहे.

गिअरचं गणित आणखी सोपं आहे. पुढे तीन दातेरी चकत्या, मागे सात, म्हणून एकवीस. पण त्यातले कितीतरी गिअर जवळजवळ सारखेच असतात, आणि काही जोड्या वापरायच्याच नसतात. पुढची सगळ्यात मोठी आणि मागचीही सगळ्यात मोठी चकती एकाच वेळी लावली, तर चेन तिरकी ताणली जाते आणि लवकर झिजते. शहरात फिरताना प्रत्यक्षात पाच-सहा गिअरच वापरात येतात. त्यामुळे एकवीसऐवजी सात गिअरची सायकल असेल तर ती कमी प्रतीची समजू नका. बिघडायला तिच्यात कमी गोष्टी असतात.

डिस्क ब्रेकचंही तसंच. या बजेटमध्ये केबलने ओढला जाणारा, म्हणजे मेकॅनिकल डिस्क मिळतो. नीट बसवला तर पावसात तो चांगला. बिघडवून बसवला तर साध्या रबरी व्ही-ब्रेकपेक्षाही वाईट. व्ही-ब्रेक मात्र कुठल्याही गल्लीतला मिस्त्री नीट करून देतो. नुसतं 'डिस्क' हे नाव ऐकून हजार-पंधराशे जास्त देऊ नका.

मग एमटीबी घ्यावीच का? आमच्यासारख्या शहरात, हो. जाड टायर खोदलेल्या रस्त्यांवर आणि वाळूवर घसरत नाहीत. हँडल उंच आणि रुंद, त्यामुळे पाठ ताठ राहते आणि रहदारी दिसते. फक्त तिच्याकडून उड्या मारण्याची अपेक्षा ठेवू नका. अनेक स्वस्त एमटीबींच्या माहितीपुस्तिकेत उड्या आणि कसरतींसाठी ती नाही, असं स्पष्ट छापलेलं असतं. ते पान मुलांना वाचायला लावा.

आणि गिअर नसले तर मुली मागे राहतात, असंही नाही. राजस्थानात सरकारी शाळेत नववीत आलेल्या मुलींना सरकारकडून सायकल मिळते. साधी, बिनगिअरची. तीच घेऊन गावोगावच्या मुली शाळेत जातात. बजेट कमी असेल तर साध्या सायकलीची लाज वाटू देऊ नका.

मोठं दुकान की गल्लीतलं?

मोठ्या साखळी दुकानांमध्येही दोन प्रकार आहेत. एक, खेळाच्या सामानाची दुकानं. डेकॅथलॉनचं उदाहरण घ्या. १९७६ मध्ये फ्रान्समधल्या लील शहराजवळ सुरू झालेली ही कंपनी २००९ पासून भारतात आहे. जयपुरातही तिचं दुकान आहे. बीट्विन, रॉकरायडर हे तिचे स्वतःचेच ब्रँड. अशा दुकानांचा फायदा असा की किमती लिहिलेल्या असतात, घासाघीस करावी लागत नाही, सायकल दुकानातच चालवून पाहता येते आणि दुरुस्तीचा विभागही तिथेच असतो.

दुसरा प्रकार, किराणा-कपड्यांची मोठी दुकानं. तिथे बादल्या आणि इस्त्रीच्या रांगेनंतर सायकली टांगलेल्या असतात. किंमत मोहात पाडते, पण ती जोडून देणारा माणूस सायकलीचा जाणकार असेलच असं नाही. सायकल कारखान्यातून खोक्यात अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचं चाक, पेडल, सीट आणि ब्रेकचं शेवटचं कसणं दुकानात होतं. चांगल्या कंपनीची सायकलसुद्धा या अर्ध्या तासात बिघडू शकते. ऑनलाइन मागवली, तर तो अर्धा तास तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या पान्याने येतो.

आणि गल्लीतलं दुकान? जयपूरच्या जुन्या शहरात किशनपोल बाजारात सायकलींची दुकानं आहेत. लुधियाना, चेन्नईच्या भारतीय कंपन्यांच्या सायकली तिथे मिळतात. दिव्यांची रोषणाई नसते, पण उद्या काही कुरकुरलं तर माणूस तिथेच असतो. निवड करताना हा 'उद्या'चा हिशेब नक्की करा.

बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावर तो आकडा पाहा.

आमची चूक

आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो तो रविवार होता आणि सवलतीचा शेवटचा दिवस. गर्दी मावत नव्हती. लेकीने काळी-नारिंगी सायकल निवडली. जोडून देणारा मुलगा एकटाच, त्याच्यामागे पाच गिऱ्हाइकं. त्याने घाईघाईत जोडली, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "एकदम ओके." आम्ही बिल दिलं, फोटो काढला, घरी आलो. दारात ओवाळणीही झाली.

चौथ्या दिवशी क्लासहून येताना ती उड्डाणपुलाच्या उतारावर होती. पुढे एक रिक्षा थांबली. तिने ब्रेक दाबला. लिव्हर थेट हँडलला टेकला आणि सायकल थांबली नाही. तिने पाय घासले, कडेच्या कठड्याकडे वळली आणि पडली. कोपर सोललं, सलवार फाटली. मागून गाडी येत नव्हती, एवढंच आमचं नशीब.

ती घरी आली ती सायकल हातात धरून, चालत. मी काय बोलले असेन, ते तुम्हाला सांगायला नको. सायकल विकून टाकायची, उद्यापासून रिक्षा, नाहरगडचं तर नावही काढायचं नाही. ती रडली नाही. इतकंच म्हणाली, "आई, मी नीट चालवत होते." तिचं म्हणणं खरं होतं. मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिचे बाबा तिला आणि सायकलीला घेऊन किशनपोलला गेले. मीही गेले, विकायला किती मिळतील ते विचारायला. म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाक उचलून फिरवलं, लिव्हर दाबला आणि मला म्हणाले, "बहनजी, साइकिल खराब नहीं है. कसी ही नहीं गई." ब्रेकची केबल जिथे धरली जाते तो नट अर्धवट आवळलेला होता. दाब आला की केबल सरकायची. शिवाय नवी केबल सुरुवातीला थोडी सैल पडतेच, ती पुन्हा ताणून घ्यावी लागते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

त्यांनी पाना स्वतः वापरला नाही. लेकीच्या हातात दिला. "बाईसा, आप कसो." तिने नट आवळला, लिव्हरजवळची छोटी चकती फिरवून केबल ताणली, आणि ब्रेक अर्ध्यातच घट्ट लागायला लागला. मिस्त्रींनी दीडशे रुपये घेतले. मी सायकलच्या किमतीचा विषय काढलाच नाही.

दुकानातून निघण्यापूर्वीची दहा मिनिटं

मिस्त्रींनी शिकवलेलं आणि नंतर आम्ही स्वतः समजून घेतलेलं इथे देते. हे फोनमध्ये ठेवा आणि दुकानात उघडा.

माप. सायकलची दांडी पायांमध्ये घेऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहायला सांगा. दांडी आणि शरीर यांच्यात दोन-तीन बोटं तरी जागा हवी. 'वाढतं वय आहे, मोठी घेऊ' हा शाळेच्या गणवेशाचा नियम सायकलीला लावू नका. मोठी सायकल वेळेवर थांबवता येत नाही.

सीट. सीटवर बसून पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. सीटच्या नळीवर एक खूण असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. खूण दिसेपर्यंत सीट वर काढावी लागली, तर सायकल लहान पडते आहे.

ब्रेक. दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीने, दहा-दहा वेळा दाबा. एकदाही हँडलला टेकता कामा नये. कुठला लिव्हर पुढच्या चाकाचा, ते मुलांना लगेच दाखवा.

हँडल. पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरून हँडल वळवायचा प्रयत्न करा. चाक जागेवर आणि हँडल फिरलं, तर ते सैल आहे.

चाकं. उचलून फिरवा. डावी-उजवीकडे डुलायला नकोत. डिस्क असेल तर पुढचा ब्रेक डाव्या बाजूला आला पाहिजे. उजवीकडे दिसला, तर पुढचा फोर्क उलटा बसवलेला आहे. घाईत ही चूक होते.

पेडल. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. उजवं डावीकडे जबरदस्तीने बसवलं तर आटे कायमचे जातात. पेडल तिरकं दिसलं तर सायकल घेऊ नका.

यातलं काही चुकलं, तर तिथेच नीट करून मागा. मागे रांग असली तरी. आपल्याला गिऱ्हाईक म्हणून भीड वाटते, आणि ती भीड मुलांच्या अंगावर येते.

नव्या डिस्क ब्रेकला आणखी एक गोष्ट लागते. मोकळ्या जागी मध्यम वेगाने जाऊन, जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबायचा. असं वीसेक वेळा. मग पॅड आणि डिस्क एकमेकांना सरावतात. त्याआधी ब्रेक कमकुवतच वाटतो. आणि डिस्कला तेल लागू देऊ नका. चेनला तेल घालताना नाही, आणि दसऱ्याला पूजा करतानाही नाही. हळदकुंकू हँडलला वाहा.

सायकलीच्या पलीकडचा खर्च

दहा हजारांच्या बजेटमध्ये दहा हजारांची सायकल बसत नाही. हेल्मेट, कुलूप, पुढे-मागे दिवा, मडगार्ड, स्टँड, हातपंप. एमटीबीला यातल्या बऱ्याच वस्तू मुळात नसतात. आमचा सल्ला असा: एकूण पैशांतला पाचवा हिस्सा आधी बाजूला काढा, उरलेल्यात सायकल शोधा. हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी ही मानकं लिहिलेली आहेत का ते पाहा.

जयपूरकरांनी आणखी दोन गोष्टी घ्याव्यात. एक, पंक्चरचं किट. इथे विलायती बाभळीचे काटे जाड टायरमधूनही आत जातात. दुसरी, चेनसाठी हलकं, कोरडं राहणारं वंगण. घट्ट तेल घातलं की वाळू त्याला चिकटते आणि चेन घासली जाते. आठवड्यातून एकदा जुन्या फडक्याने चेन पुसा. मे-जूनमध्ये भर उन्हात सायकल उभी ठेवू नका, आणि हवा टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेतच भरा.

महिनाभराने पहिली सर्व्हिसिंग जरूर करून घ्या. बिल आणि वॉरंटी कार्डाचा फोटो काढून ठेवा. दुकान दाद देत नसेल, तर आधी लेखी तक्रार करा. त्यानेही काम झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आम्ही दुकानाला लिहिलं. त्यांनी सायकल पुन्हा तपासून दिली आणि ब्रेकची केबल बदलली. आधीच दहा मिनिटं थांबलो असतो, तर ते पत्र लिहावं लागलं नसतं.

आणि नाहरगड?

आमेर रस्त्यावरून वळून नाहरगडला जाणारा रस्ता डांबरी आहे. तिथे डोंगरी सायकलीपेक्षा चांगल्या ब्रेकची गरज जास्त. चढताना दम लागतो, पण धोका उतरताना असतो. सतत ब्रेक दाबून धरायचा नाही, दोन्ही ब्रेक मिळून थोडे थोडे दाबत, वळणाच्या आधीच वेग कमी करायचा. शिवाय हा अभयारण्याचा भाग आहे, बिबट्यांचं घर. त्यामुळे अंधारात जायचं नाही, एकटीने तर नाहीच.

मी तिला जानेवारीत जाऊ दिलं. पाच मुली, एकीचे बाबा स्कूटरवर मागे. तीन तास मी घरात काय काय आवरलं, विचारू नका. ती परत आली, सायकल दारात लावली, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "ब्रेक छान लागले." मग पोहे मागितले.

आता रोज निघताना ती फाटकापाशी थांबते आणि दोन्ही लिव्हर एकेकदा दाबते. मी स्वयंपाकघरातून बघते. तुमच्या घरी सायकल आली की पहिल्याच दिवशी ही सवय लावा. तिला पैसे लागत नाहीत.